कास्तुलोंची आरोळी

"मला न विचारता माझा आवाज घेतलास? हे मामाच्या खिशात हात घालण्यासारखंच झालं!"

"खिशात हात घातला तर खिसा रिकामा होतो, मामा. तुझा आवाज आहे ना अजून गळ्यात?"

"गळ्यात आहे गं, पण गिऱ्हाईक कुठाय?"

मी मागच्या अंगणात चादर वाळत घालत होते. कुंपणापलीकडे कास्तुलो आणि त्यांची भाची ओटिलिया यांची जुंपली होती. चादर केव्हाच वाळत पडली होती, तरी मी ती झटकत राहिले.

कास्तुलो आमच्या ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये हातगाडीवर चीज-तिखट लावलेली उकडलेली कणसं विकायचे. माझ्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच हातावर घेतलं होतं, म्हणून मी त्यांची कोमाद्रे, ते माझे कोम्पाद्रे. संध्याकाळी रबरी भोंगा दाबून ते ओरडायचे, "एलोऽऽतेस!" की बायका वाडगे घेऊन फाटकात हजर.

ओटिलिया दिवसा कारखान्यात जीन्सचे खिसे शिवायची. सुट्टीला दोन मित्रांबरोबर माइक धरून ठेक्यावर भराभरा बोलायची, निम्मं स्पॅनिश, निम्मं इंग्रजी. ते त्यांचं गाणं. आधी मोटारीच्या डिकीतून कॅसेटी विकल्या, मग एका कंपनीनं त्यांचा पहिला अल्बम काढला. त्यातल्या पहिल्याच गाण्याला सुरुवातीला मामाचा भोंगा आणि आरोळी. खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून तिनं ती गुपचूप घेतली होती. दर कडव्यानंतर पुन्हा तीच.

त्या उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या मोटारीत तो अल्बम. आमच्याकडची पोरं रंगवलेल्या, बुटक्या केलेल्या मोटारी काचा खाली करून मुंगीच्या पावलांनी चालवतात. त्यामुळे आरोळी अगदी हातगाडीच्या चालीनं गल्लीतून जायची. बायका वाडगे घेऊन बाहेर, तर समोर जांभळी मोटार!

"कणसं संपली, सेन्योरा, गाणं देऊ का?" आतून पोरं दात काढायची. मीही फसले एकदा, एका पायात चप्पल घालून.

मग बायकांनी कान देणंच सोडलं. खरे कास्तुलो आले तरी "मोटार असेल" म्हणून त्या चुलीवरचा राजमा ढवळत राहायच्या. अर्धं पातेलं तसंच घरी परत जाऊ लागलं.

"दुकानात गेलेला अल्बम मी परत कसा बोलावू?" ओटिलिया कुंपणापलीकडे म्हणत होती. "तूच आरोळी बदल."

"मी बदलू? बापानं शिकवलेली आहे ती!"

त्या दिवसापासून मामा-भाचीचं बोलणं बंद. कणीस मात्र चालू. ती कामावरून उशिरा यायची, म्हणून शेवटचं कणीस कागदात गुंडाळून ते तिच्या फाटकाला अडकवायचे. लिंबू वेगळं, कारण आधी पिळलं तर चीज पाणावतं.

एका रविवारी कास्तुलो आमच्या ओसरीत डुलकी काढत होते. रस्त्यावर भोंगा वाजला, "एलोऽऽतेस!" ते ताडकन उठले.

"कोमाद्रे, माझ्या गल्लीत हा दुसरा कोण शिरला?" कणसं उचलायचा चिमटा परजत ते धावले. मी त्यांच्या मागे.

कोपऱ्यावर जांभळी मोटार उभी होती.

"अहो कोम्पाद्रे," मी म्हटलं, "ते तुम्हीच आहात."

चिमटा खाली आला. मोटारीच्या खिडकीला टेकून त्यांनी सगळं गाणं ऐकलं. भाचीचा भाग आला तेव्हा मान हलवली, कौतुकानं की नाइलाजानं, मला कळलं नाही.

"आवाज बरा आहे लेकाचा," परत येताना म्हणाले. "माझ्यासारखी धाप लागत नाही त्याला. ओरडू दे त्यालाच. मी कणसं विकतो."

दुसऱ्या दिवसापासून आरोळी बंद. प्रत्येक फाटकाशी थांबून ते चिमटा आपटायचे, टण टण. हे काही मोटारीला जमण्यासारखं नव्हतं. गुडघे कुरकुरायचे, पण पातेलं रिकामं व्हायला लागलं.

ओटिलिया आपणहून फाटकात आली. "मामा, पुढच्या अल्बममध्ये चिमटा घेऊ?"

"या वेळी विचारलंस म्हणून वाचलीस," ते म्हणाले. "नाहीतर डोक्यातच वाजवला असता."

मग कितीतरी वर्षं चिमटाच वाजत राहिला. हातगाडीच्या शेवटच्या दिवशीही माझ्या फाटकावर टण टण झालं. कणसाला तिखट लावलं नव्हतं, माझं पित्त त्यांना ठाऊक. जांभळी मोटार आरोळी देत शेजारून गेली, ती आता पोरांच्या पोरांकडे होती. कास्तुलोंनी तिला वाट दिली. पुढे जाऊन ओटिलियाच्या फाटकाला कागदातलं कणीस अडकवलं, लिंबू वेगळं ठेवलं आणि हातगाडी घराकडे वळवली.