तळहाताखालचा राक्षस

मला गोष्ट लागते. शाळेत मराठी शिकवतो म्हणून म्हणा किंवा स्वभावच तसा म्हणून म्हणा, पण ज्या सिनेमात माणसं चार वाक्यं धड बोलत नाहीत, तो मला सोसत नाही. त्यामुळे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने वाढदिवसाला राक्षसाचा सिनेमा मागितला तेव्हा माझं तोंड कडू झालं. त्यात नेमकं त्याच रविवारी बायकोला माहेरी, पोखर्णीला जावं लागलं. माझ्या वडिलांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. दाराची बेल वाजली काय नि कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या काय, त्यांना काहीच कळत नाही. शेवटी आम्ही तिघंही परभणीतल्या थेटरात दुपारच्या खेळाला जाऊन बसलो.

वडिलांनी सेलूच्या एका जिनिंगमध्ये जन्म काढला. सरकी नि रुई वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांच्या गदारोळात त्यांचे कान हळूहळू गेले आणि मुलीच्या जन्माआधीच पुरते गेले. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यात नुसती खरखर येते म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं. नातीचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाही. लहान होती तोवर ती त्यांच्या मांडीवर बसून बडबडायची. पुढे तिच्या लक्षात आलं की आबा नुसतीच मान हलवतात, हसायचं तिथे गंभीर होतात. मग तीही त्यांच्याशी बोलेनाशी झाली. एका घरात राहून दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखी वागत. मला ते रोज दिसायचं, रोज टोचायचं, आणि काय करावं ते मात्र कळायचं नाही.

सिनेमा हिंदीत होता. पहिली वीस मिनिटं एक शास्त्रज्ञ बाई कुणाकुणाला काहीतरी समजावत होती. वडील घोरायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग डोंगर फुटला. त्याच्या पोटातून जे निघालं ते पडद्यात मावेना. चिखलात लोळून आलेल्या म्हशीसारखं कातडं, आणि एकेका पावलाला पूल, मनोरे, आगगाड्या भुईसपाट. ते का निघालं, त्याला कुणी डिवचलं, काही पत्ता नाही. पण पहिलं पाऊल पडलं तेव्हा खुर्ची हादरली, फरशी हादरली, माझी छाती आतून दणाणली. वडील खडबडून जागे झाले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. खुर्चीच्या दांड्यावर तळहात दाबून धरला आणि डोळे मिटले.

हा हात माझ्या ओळखीचा होता. जिनिंगमध्ये मशीनच्या अंगावर असाच हात ठेवून ते आतलं दुखणं सांगायचे. फिटर येऊन मशीन खोलायचा तेव्हा बिघाड तिथेच सापडायचा.

पाऊण तास शहरं मोडत होती. एकदम सगळं शांत झालं आणि नायक नायिकेजवळ मन मोकळं करायला लागला. वडिलांनी डोळे उघडले.

"बंद पडली का काय मशीन?" ते खड्या आवाजात म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. "पट्टा सुटला असंल. बगा की कुनीतरी."

अख्खं थेटर हसलं. मी त्यांचा हात दाबला, पण ते हैराण होऊन इकडेतिकडे फिटर शोधत होते. तेवढ्यात समुद्रातून दुसरं धूड वर आलं, आठ पायांचं, खेकड्यासारखं. खुर्च्या पुन्हा थरथरल्या.

"झाली चालू," वडिलांनी जाहीर केलं.

"आता न्हाई थांबत, काका," मागून कुणीतरी म्हणालं.

थांबली नाहीच. आता वडील उघड्या डोळ्यांनी बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खरं सांगतो, मीही गोष्ट विसरलो. दोन पहाड एकमेकांवर आदळत होते, आभाळ फाटत होतं, आणि मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. एवढं प्रचंड काहीतरी माझ्या वडिलांच्या आत शिरत होतं, जिथे इतक्या वर्षांत माझा एक शब्द पोचला नव्हता. ज्या सिनेमाला मी नाक मुरडलं होतं, त्याच्यापुढे मला हात जोडावेसे वाटले.

बाहेर लख्ख ऊन होतं. आम्ही रिक्षासाठी उभे राहिलो.

"पप्पा, आबांना ऐकू आलं?" मुलीने विचारलं.

वडिलांना तिचे ओठ हललेले दिसले.

"काय म्हनायलीय?" त्यांनी मला विचारलं. पण उत्तरासाठी थांबले नाहीत. वाकून त्यांनी तिच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, हात टेकवला. "बोल," म्हणाले.

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "काय बोलू?"

वडिलांनी तळहात किंचित दाबला आणि डोळे मिटले.

"लय बारीक हाय गं तुजा आवाज," ते म्हणाले. "थांबू नको. बोलत ऱ्हा."

तिने सिनेमा पहिल्यापासून सांगायला घेतला. एकामागून एक दोन रिक्षा आमच्यापुढे येऊन थांबल्या. मी हातानेच दोन्ही पुढे घालवल्या.