नावांचा पूल आणि नवमीची भरती

मी जन्मात एकदाच समुद्राला वेळापत्रक लावून दिलं, आणि पहिल्याच दिवशी समुद्र तासभर उशिरा आला.

कल्याणच्या खाडीवर नावांचा पूल होता तेव्हाची ही गोष्ट. सपाट बुडाच्या नावा साखळ्यांनी एकीला एक जखडलेल्या आणि वर फळ्या अंथरलेल्या, एवढाच तो पूल. मधल्या एका नावेच्या साखळ्या सोडून ती बाजूला ओढली की मचव्यांना, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होड्यांना, वाट व्हायची, आणि जागेवर आणून बांधली की माणसांना. दोघांना एकदम वाट देणं काही जमण्यासारखं नव्हतं. म्हणून कोणाला कधी थांबवायचं हे ठरवायला एक कारकून नेमला होता. तो मी. हाताखाली चार खलाशी, डोक्यावर गवताचं छप्पर, आणि दोन्ही तीरांवरून दिवसभर शिव्या.

माझं बालपण कोकणात एका बंदराच्या गावी गेलं. तिथे अक्षरओळख होण्याआधी पोराला भरतीचा हिशेब येतो: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. या ज्ञानाचा मला भारी गर्व. नेमणूक झाल्या आठवड्यातच मी पंचांग उघडलं, पंधरा दिवसांच्या वेळा काढल्या आणि सुबक बाळबोध अक्षरात फळा रंगवून पुलाच्या तोंडाशी लावला. अष्टमी, पूल सकाळी सहा वाजता उघडेल.

अष्टमीला सहाच्या ठोक्याला पूल उघडला. खाली पाणी नव्हतं. चिखल होता, त्यात दोन बगळे होते आणि आम्ही बाजूला ओढायला घेतलेली नाव त्याच चिखलात रुतली होती. वरच्या अंगाला पाच-सहा मचवे नांगर टाकून स्वस्थ उभे होते. त्यातल्या एकावर एक म्हातारा तांडेल दात घाशीत बसला होता. गवताने भरलेला मचवा घेऊन महिन्यातून दोन-तीनदा तो मुंबईच्या तबेल्यांकडे जायचा. तो ओरडून म्हणाला,

"भाऊसाहेब, पानी आता कुठं ठान्याच्या आंगाला आला आसंल! तेला हितं यायाला येल लागतो."

समुद्रकाठचा हिशेब समुद्रकाठीच चालतो, खाडीत इतक्या आत पाणी पोचायला तासभर जास्त लागतो, हे कोणी मला सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं म्हणा. एव्हाना पलीकडच्या तीरावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि दुधाच्या चरव्या घेतलेले गवळी जमले होते.

"अहो, पूल कोणासाठी उघडलाय? खेकड्यांसाठी?" एका बाईने विचारलं.

"खेकडे गेले, आता बगळे जातील. मग आपला नंबर," दुसरी म्हणाली.

पाणी येईपर्यंतच्या वेळात तांडेलाने स्वतः येऊन काठाजवळ एक बांबू रोवला आणि त्याला लाल चिंधी बांधली. पाणी चिंधीला लागलं की उघडा, चिंधीखाली उतरलं की घाई करा, एवढं सांगून तो गेला. मी फळ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'वरील वेळांत एक तास मिळवावा.' फळा काढून टाकण्याइतका मोठेपणा माझ्यात नव्हता.

खरी अडचण याहून वेगळी होती. पूल जिथे बांधला होता तिथे खाडी उथळ. पूर्वी ओहोटीला लोक तिथूनच गुडघाभर चिखलातून पलीकडे जात. त्यामुळे भरलेला मचवा तिथून काढायचा तर भरतीच्या अगदी माथ्यावरच. पुनवेच्या, अवसेच्या उधाणात पाणी भरपूर आणि भरतीही दुपारच्या सुमारास, तेव्हा सगळे सुखी. पण अष्टमी-नवमीला भांगाची भरती, म्हणजे आधीच पाणी कमी, ते टिकणार फार तर पाव तास, आणि तो पाव तास येणार सकाळी सात-पावणेआठला. नेमकी त्याच वेळी पलीकडची सगळी दुनिया मुंबईची गाडी गाठायला निघालेली. कचेऱ्यांतले कारकून, भाजीवाल्या, गवळी, बैलगाड्या. महिन्यातून चार-पाच सकाळी असं व्हायचं, आणि त्या चार-पाच सकाळी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. सवयीने मला त्यातले बरेच पूर्वज पाठ झाले.

मी एक पद्धत बसवली होती. चिंधीला पाणी लागायच्या आधी ज्यांना जायचं त्यांना सोडायचं, मग झटपट पूल उघडून दोन-तीन मचवे काढायचे, लगेच बंद करून उरलेल्यांना सोडायचं. कोणाचंही समाधान होत नसे, पण गाडीही कोणाची चुकत नसे. एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माझी सासुरवाडी पलीकडच्या तीरावरची. मेहुणा तिथे राहायचा आणि मुंबईत एका पेढीत लिहिण्याच्या कामाला होता. माणूस हुशार, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, स्वभाव निवांत. त्या काळी रेल्वे मद्रासच्या घड्याळावर चालायची. मुंबईची गाडी पावणेनऊची, आणि तिथल्या पावणेनऊला आमच्या गावात सव्वाआठ झालेले असत. सगळ्यांनी हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. मेहुण्याने नाही.

"भाऊजी, सूर्य आपल्याकडे आपल्या वेळेला उगवतो," तो मला म्हणायचा. "मद्रासच्या सूर्यापायी मी का धावू?"

या तत्त्वापायी एका महिन्यात दोनदा त्याची गाडी चुकली. दुसऱ्या वेळी पेढीच्या मुख्य कारकुनाने त्याला समोर उभं करून सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच राहा. तिसरा उशीर म्हणजे नोकरी गेली. घरात सासूबाई, त्याची बायको आणि दोन लहान मुली. ही बातमी माझ्या बायकोने मला जेवताना सांगितली, आणि सांगून झाल्यावर ताटात वाढायची थांबली.

"परवा नवमी आहे," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे. फळ्यावर मीच लिहिलंय."

"तो पावणेआठला पुलावर येतो."

"येईल की. मी आहे ना तिथे."

मी हे फार रुबाबात बोललो. पूल माझ्या शब्दावर उघडतो आणि मिटतो, हे घरात कधी कोणाच्या लक्षात यायचं नाही. ते येण्याची ही पहिलीच संधी होती.

नवमीला सकाळी मी लवकर जाऊन उभा राहिलो. वरच्या अंगाला त्या दिवशी एकच मचवा होता, त्या म्हाताऱ्या तांडेलाचा. गवताचे भारे डोलकाठीच्या अर्ध्यापर्यंत रचलेले आणि मचवा पाण्यात चांगलाच दबलेला. साडेसातला पाणी चिंधीला लागलं. नेहमीप्रमाणे मी लोक थांबवून पूल उघडायला हवा होता. खलाशांनी माझ्याकडे पाहिलं. मी पलीकडच्या तीराकडे पाहिलं. मेहुण्याची पगडी दिसत नव्हती.

"थांबा जरा. अजून माणसं येतायत," मी म्हणालो.

माणसं खरंच येत होती. त्या दिवशी पुलावरून जाणाऱ्यांना वाटलं असेल की कारकुनाला सुबुद्धी सुचली. एका भाजीवालीने तर जाता जाता माझ्या पोराबाळांना आशीर्वाद दिला. पावणेआठ झाले. पुलावरची गर्दी सरली आणि फळ्या मोकळ्या झाल्या.

"भाऊसाहेब!" तांडेलाने हाक दिली. "आता कोन र्‍हायला?"

"एक मिनिट."

"पानी तुमचा मिनिट ऐकनार नाय. भांगाचा पानी हाय त्ये!"

मी घड्याळ काढलं, पाहिलं, खिशात ठेवलं, परत काढलं. खलाशी एकमेकांकडे बघून हसत होते, कारण मी कोणाची वाट बघतोय हे त्यांना कळलं होतं. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "पाव्हणे अजून धोतर नेसत असतील." मी ऐकलं नाही असं दाखवलं. चिंधीच्या टोकापासून पाणी बोटभर खाली उतरलं होतं.

शेवटी मी हात वर केला. साखळ्या सुटल्या, मधली नाव बाजूला झाली. तांडेलाने मचवा सोडला आणि त्याच्या माणसांनी वासे टेकून तो रेटला. मचव्याचं नाक पुलाच्या फटीतून पार गेलं, अर्धा मचवा गेला, आणि खालून एक लांबलचक खरखर ऐकू आली. मचवा थांबला. पुढून ओढून पाहिलं, मागून रेटून पाहिलं, आम्ही चौघा-पाचांनी पुलावरून ढकलून पाहिलं. मचवा रेतीत बसला तो बसला. आता पुढची भरती रात्री आठची.

म्हणजे पूल उघडा, आणि उघड्या पुलात मचवा. ना त्याला जाता येत, ना पूल बंद करता येत. एका मिनिटात रस्ता आणि खाडी दोन्ही बंद पाडणारा कारकून माझ्याआधी कोणी झाला नसेल.

आणि तेव्हा पलीकडच्या तीरावर मेहुणा दिसला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा, चाल देवळाला निघाल्यासारखी. तो पुलावर आला, फटीच्या काठाशी उभा राहिला आणि त्याने मचव्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय भाऊजी, पूल उघडा ठेवलात? मी येणार हे माहीत नव्हतं का?"

आठ वाजायला आले होते. मी खाडीच्या एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, मध्ये गवताचा डोंगर. बायकोचं वाढायचं थांबणं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

तांडेल मात्र मचव्याच्या कडेला येऊन दोन्ही बाजूंची फट डोळ्यांनी मोजत होता. मचवा जेमतेम मावेल एवढीच ती वाट. दोन्हीकडे हात-दोन हात पाणी राहिलं होतं.

"फल्या टाका," तो म्हणाला. "हिकडं दोन, तिकडं दोन. मचवा काय आता हलनार नाय. हाच तुमचा पूल."

खलाशांनी फळ्या टाकल्या. मेहुणा पहिला चढला. गवताच्या भाऱ्यांवरून चालणं सोपं नसतं. पाय मांडीपर्यंत आत जातो आणि माणूस प्रत्येक पावलाला नमस्कार घातल्यासारखा वाकतो. छत्री, डबा, पगडी सांभाळत तो भाऱ्यांवर चढला आणि दुसऱ्या बाजूने बसूनच घसरत खाली आला. मी त्याला खांद्याला धरून तीरावर उभ्या असलेल्या एका टांग्यात कोंबलं आणि टांगेवाल्याला म्हणालो, "गाडी चुकली तर परत इकडे येऊ नकोस."

दिवसभर मग लोक गवतावरूनच गेले. बैलगाड्या मात्र परत फिरल्या. जाणाऱ्यांनी जाता जाता मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. बैलांनी तेवढं माझं भलं चिंतलं असेल, कारण पलीकडून त्यांना भाऱ्यांचा वास येत होता.

दुपारी मी तांडेलाकडे गेलो. तो मचव्याच्या सावलीत चिखलात उभा राहून सुकाणू तपासत होता. माझी चूक झाली, असं मी म्हणालो. ते सांगायला मी सकाळपासून मनात शब्द जुळवले होते, पण ऐन वेळी एवढेच निघाले.

"मेव्हना तुमचा, म्हून थांबलात कनी?" त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो."

"मंग मना सांगाचा व्हता. होरी पाठवून मी तेला घरातून उचलून आनला असता. पगडी-बिगडी हितं बांधली असती तेनी." त्याने सुकाणूवर हात आपटला. "माजा तं पुरा एक भरती गेला. वर लोकांनी गवत तुडवला. आता घोडं खातान का नाय, त्येंनाच इचारा."

त्याची छोटी होडी मचव्यामागे दोरीने बांधलेली होती. सकाळी साडेसातपासून ती माझ्या डोळ्यांसमोर होती. मी समुद्राचा हिशेब केला, रेल्वेचा केला, घड्याळ सहा वेळा काढलं. तोंडाने एक वाक्य बोलायचं मात्र राहून गेलं. मग मी त्याच्या माणसांबरोबर तुडवलेले भारे पुन्हा बांधायला लागलो. मला भारा बांधता येत नाही हे त्यांना लगेच कळलं, पण त्यांनी मला हाकललं नाही.

रात्री आठच्या सुमाराला पाणी चढलं, मचवा उठला आणि गेला. तांडेलाने जाताना हात केला नाही. पुढच्या खेपेला केला.

त्यानंतर थोड्या वेळाने, रात्रीच्या गाडीने, मेहुणा परतला. गाडी मिळाली होती, पेढीत तो वेळेवर पोचला होता, मुख्य कारकुनाने फक्त त्याच्या कोटावरची गवताची काडी काढून त्याच्या हातात दिली होती. नोकरी शाबूत होती. पूल ओलांडताना तो थांबला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा, उगाच काळजी करत होतात. घाई कधी करू नये, भाऊजी."

मी घरी आलो. पाय धुतले, पाटावर बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. माझा शहाणपणा दिसेल अशा बेताने सांगायला सुरुवात केली होती, पण मचवा रुतेपर्यंत तो बेत फसला होता, म्हणून पुढचं जसं घडलं तसंच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसली नाही. ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि मग म्हणाली,

"पूल बंद होता तोवर तो आला नाही, आणि तुम्ही उघडलात तसा आला. अहो, यापुढे त्याच्यासाठी काही करू नका. त्याची नोकरी टिकेल, आणि त्या म्हाताऱ्याचा मचवाही वेळेवर जाईल."