शनिवारचा लेख

शब्द पाळणं हा लेखकाचा धर्म आहे. माझ्या ब्लॉगवर दर शनिवारी सकाळी लेख येतो, मी प्रवासात असलो तरी येतो. तो आला नाही तर कोणी विचारेल का, हे तपासून पाहायचा धीर मात्र मला आजवर झालेला नाही.

या शनिवारी मी अण्णाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, ऑपरेशनसाठी रत्नागिरीला होतो. मी मोबाइल घेऊन उठलो तेव्हा त्याने विचारलं, “कशावर लिहिलंयस?”

“आपल्या माणसांजवळ निवांत बसावं, यावर.”

“बरं. मग ये जाऊन. मी कुठे पळून जातोय?”

हॉस्पिटलच्या खोलीत ज्यांच्या मोबाइलला रेंज नसते, ते सारे जिन्याजवळच्या खिडकीत उभे राहतात. एकजण रक्तगट सांगत होता, एक बाई घरच्या गाईचं दूध कोणी काढायचं ते ठरवत होती. मी शीर्षक बदलत होतो. अनोळखी माणसांना दिलेली वेळ आपण पाळतो. घरच्यांना नुसतं ‘आलोच’ म्हणतो.

लेख वेळेवर गेला. कोणी वाचतंय का ते थोडा वेळ बघून परत आलो तर पलंग रिकामा होता. वहिनी अण्णाचा चष्मा आणि मोबाइल हातात धरून बसल्या होत्या.

“लवकर नेलं हो आत. तुमची वाट बघत तुमचाच लेख वाचत होते, भावजी. पुरा झाला नाही.”

लेख जरा लांबला होता.