लिंबू काकांचं, नाक माझं

वासाविषयी अधिकारवाणीने बोलायचं असेल तर माणसाला स्वतःला वास येता कामा नये, हे सत्य मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी शिकवलं. काका मूळचे साताऱ्याकडचे, बोईसरला एका कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्तीनंतरच्या एका सर्दीत त्यांचं नाक जे गेलं ते परत आलं नाही. दुसरा एखादा हळहळला असता. काकांनी सरावलीतल्या आमच्या बिल्डिंगमधले सगळे मायक्रोवेव्ह नैसर्गिक पद्धतीने दुर्गंधमुक्त करण्याचं कार्य हाती घेतलं. ‘नैसर्गिक’ हा शब्द ते असा उच्चारतात, की समोरच्याला आपण आजवर अनैसर्गिक जगलो याची लाज वाटावी. आयुष्यभर रसायनांचे ड्रम हाताळलेला हा माणूस आता फवाऱ्याची बाटली दिसली तरी तोंड फिरवतो.

त्यांचं तंत्र म्हणजे वाटीभर पाणी, त्यात पिळून टाकलेलं अर्धं लिंबू, पाच मिनिटं वाफ, दहा मिनिटं दार बंद, मग प्लग काढून ओल्या फडक्याने पुसणं. एवढ्याला ते ‘शटडाऊन’ म्हणतात आणि आदल्या दिवशी नोटीस देतात. आमच्या हिने एकदा मुदतीआधी दार उघडायला हात पुढे केला, तर म्हणाले, “वहिनी, वाफ काम करतीय. काम करणाऱ्याला हटकू नये.” हा नियम घरात आणखी कोणाकोणाला लागू आहे, असं हिने नंतर मला विचारलं. वरच्या मजल्यावर एकत्र राहणाऱ्या कामगारांनी एकदा अख्खं अंडं आत ठेवलं. “अंकल, अंडा फट गया!” असं ओरडत त्यातला एक खाली आला. काकांनी आधी पँट बदलली, बूट घातले, आणि घटनास्थळी पोचल्यावर पहिला प्रश्न केला, “शिफ्ट इनचार्ज कोण है?” आतल्या छताला चिकटलेला बलक त्यांनी खाण्याच्या सोड्याच्या लेपाने सोडवला, कोणाला सुरी लावू दिली नाही. काम सुंदर झालं, हे मला कबूल करावं लागलं.

मला, कारण शेवटची तपासणी माझ्याकडे असते. काकांना वास येत नसल्यामुळे नाक मी पुरवतो. “सर, क्यूसीला या!” असा जिन्यातून पुकारा झाला की मी उतरतो, कोणाच्या तरी मायक्रोवेव्हमध्ये डोकं घालतो आणि ‘पास’ म्हणतो. इतकी वर्षं शाळेत शिकवूनही माझ्या मताला एवढी किंमत कधी आली नव्हती.

फक्त काकांचा स्वतःचा मायक्रोवेव्ह दर रविवारी नापास व्हायचा.

“बघा हो, अजून येतोय का?”

“येतोय. बोंबील.” आमच्या घरात मासा येत नाही, त्यामुळे हा वास मला जिन्यातूनच कळतो.

“कडक?”

“कडक.”

यावर काका समाधानाने चहा टाकायचे. दिव्याखाली अंधार, असं म्हणून मी मनात हसून घ्यायचो. शेवटी एकदा म्हटलं, लावू या का लिंबू? “नको, नको. ते डिपार्टमेंट हिचं. आपण हात लावायचा न्हाई.”

काकू केळव्याच्या. काकांचं नाक शाबूत होतं तेव्हा त्यांनी सुक्या बोंबलांचं कालवण गरम करायला ठेवलं की काका नाकाला रुमाल लावायचे, आणि काकू म्हणायच्या, “तुमाला वास येतो ना? मंग बोंबील चांगला हाय.” काकूंना जाऊन आठ महिने झाले होते. काका दूधसुद्धा गॅसवर तापवत. त्या दारामागे काकूंचं शेवटचं कालवण अजून आहे की नाही, हे त्यांना फक्त माझ्याकडून कळत होतं. त्या दिवसानंतर मी हसलो नाही.

मागच्या महिन्यात काकांची सून चार दिवस राहायला आली. गुणी मुलगी. सासरे बाजारात गेलेले पाहून तिने त्यांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच पद्धतीने मायक्रोवेव्ह साफ केला. लिंबू, वाफ, सोडा, काही सोडलं नाही. काका आले, बघितलं, “छान केलंस, पोरी,” म्हणाले, आणि जिन्यातून त्यांनी मला हाक मारली. क्यूसीचं नाव काढलं नाही.

मी डोकं आत घातलं. नुसतं लिंबू. इतका निर्मळ मायक्रोवेव्ह आमच्या बिल्डिंगमध्ये आजवर झालेला नाही. काका मागे उभे राहून फडक्याची घडी घालत होते आणि उलगडत होते.

“येतोय का, सर?”

“येतोय,” मी म्हणालो. “थोडा. कोपऱ्यात.”

“जायाचा न्हाई तो,” काका सुनेला म्हणाले. “बोंबील हाय. लिंबाचं ऐकायचा न्हाई.” आणि चहा टाकायला वळले. सून माझ्याकडे बघत राहिली. तिचं नाक उत्तम आहे.

खोटं बोलण्याच्या मी विरुद्ध आहे. दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा सुक्या मासळीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

“घरी खाणारी किती हायेत, भाऊ?” मावशीने विचारलं.

“खाणारं कोणी नाही. वासाचे द्या.”

“अगो बाय! लोक बिनवासाचे मागतात.”

आता रविवारी काका घर उघडं ठेवून दूध आणायला खाली उतरले की माझ्या पिशवीतली पुडी त्या दारामागे जाते. दहा मिनिटं दार बंद. मग पुडी पिशवीत परत. काका येतात, विचारतात, आणि मी डोकं आत घालून खरं काय ते सांगतो.