ईराची आई आणि उपडी वाटी

मध्यंतरी सलग दोन रात्री मला झोप लागली नाही. कारण ऐकाल तर हसाल. एका बाईला ग्रुपमधून काढावं की नाही, एवढंच! नवरा म्हणाला, "अगं, एक बटण तर दाबायचंय." त्याच्यासाठी सगळंच एक बटण असतं.

मुलुंड ते घाटकोपरमधल्या आयांचा आमचा फोनवरचा ग्रुप. साठ-सत्तर बायका, मी, अपर्णा आणि सोनाली ॲडमिन. ताप, डबे, शाळा, लसी, हेच विषय. आणि चार बायका जमल्या की काडी टाकणारी पाचवी येतेच. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात.

* * *

ग्रुपचा नियम असा की स्वतःचं नाव लावायचं नाही, मुलाचं लावायचं. म्हणजे मी 'मुक्ताची आई'. आयडिया माझीच. तेव्हा झकास वाटली होती.

एक होती 'ओमची आई'. कोणी काहीही विचारो, तिचं उत्तर ठरलेलं. "आमच्या वेळी ही थेरं नव्हती." डायपर? थेरं. प्ले-स्कूल? थेरं. दोघी-तिघी रडून ग्रुप सोडून गेल्या. शेवटी एका दुपारी अपर्णाने सोफ्यावर बसल्या बसल्या तिला उडवली.

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "अपर्णा, माझा ग्रुप कुठे गेला गं?"

नियमात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ओम म्हणजे अपर्णाचा नवरा. वय वर्षं अडतीस!

* * *

'शौर्यची आई' सतत कसले कसले क्लास विकायची. कोणी नको म्हटलं की, "मग रडा दहावीत!" शौर्य जूनमध्ये सात वर्षांचा होता. गणपतीपर्यंत चारचा झाला.

सोनाली म्हणाली, "काढ यार हिला. दिवाळीपर्यंत पोरगं परत पोटात जाईल!"

तेव्हा आम्ही खूप हसलो. ते मूल आपलं लहान लहान होत चाललंय, हे नंतर मला उगाचच आठवत राहिलं.

* * *

मग सोनालीने उपाय काढला. कोणी भांडण लावायला आलं की ग्रुपवर उपड्या वाटीचा फोटो टाकायचा. अर्थ असा की तोंडं बंद. सुलट्या वाटीचा फोटो येईपर्यंत कोणी एक अक्षर लिहायचं नाही. उत्तर मिळालं नाही की ट्रोल उपाशी मरतो. नियम लिहून ठेवला तर ट्रोललाही कळणार, म्हणून एकेकीला फोन करून सांगितला.

काय सांगू, जादू झाली! सत्तर बायका एका वाटीवर गप्प.

* * *

ईराची आई कधी आली ते आठवत नाही. ती भांडायची नाही, शिव्या नाहीत, काही नाही. फक्त नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवायची.

कांजूरमार्गच्या कबीरच्या आईने विचारलं, "कबीर जेवतच नाही, काय करू?" ईराची आई म्हणाली, "तू फोन बघत भरवतेस. तो तुझ्याकडे बघून दमतो." ती बिचारी दिवसभर पुन्हा फिरकली नाही.

मी पावसाळी बूट कुठे चांगले मिळतात विचारलं. उत्तर आलं, "आधी मुक्ताचा डावा बूट काढून बघ."

मी ताबडतोब वाटी उपडी केली. मग गुपचूप मुक्ताचा डावा बूट काढला. टाचेला हा एवढा फोड!

ट्रोल खोटं बोलला तर चालतं हो. खरं बोलला की वाट लागते.

* * *

"सोनाली, ही ईराची आई तुझ्या ओळखीतली ना?"

"छे गं. मला वाटलं, अपर्णाने घेतलं."

"ए, मी नाही हां!" अपर्णा म्हणाली. "तुझ्या मुक्ताच्या वर्गात आहे ना ईरा?"

मी वर्गाच्या बाईंना विचारलं. मुक्ताच्या वर्गात ईरा नव्हती. मग एकेकीला फोन केले. कोणीच ईराला पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीच्या शाळेत असेल. नावापुढे 'आई' असलं की मूल आहे का, हे कोण विचारतं!

* * *

एका सकाळी कबीरने मणी गिळला. त्याच्या आईने ग्रुपवर लिहिलं, "जवळचे डॉक्टर सांगा, पटकन!" त्याच्या मिनिटभर आधी उपड्या वाटीचा फोटो येऊन पडला होता.

सगळ्या गप्प. मीसुद्धा! नाव न बघताच वाटलं, सोनालीने टाकलीय, काहीतरी कारण असेल. दहा मिनिटांनी कबीरच्या आईचा फोन आला. ती रिक्षातून ओरडत होती, "तुम्ही सगळ्या वाचताय, मला दिसतंय! कोणी बोलत का नाही?"

रिक्षातच उलटी होऊन मणी पडला. पोरगं वाचलं.

वाटी ईराच्या आईने टाकली होती. तिला नियम आमच्यापैकी कोणीच सांगितला नव्हता.

* * *

मी तो फोटो मोठा करून पाहिला. वाटीच्या तळाला कोरलं होतं, 'चि. मुक्ताच्या बारशानिमित्त'.

आमच्या बारशात बायकांना वाटलेल्या वाट्या त्या. पन्नास केल्या होत्या, तीन उरल्या. उठून मांडणीत बघितलं. तिन्ही जागेवर.

त्यातली एक ओली होती. भांडीवाली त्या दिवशी आली नव्हती. मीच विसळली असेन. मी अजून स्वतःला हेच सांगते.

अपर्णा म्हणाली, "पोलिसांत जा." काय सांगू त्यांना? एका बाईने वाटीचा फोटो टाकला?

त्याच त्या दोन रात्री. ग्रुपमध्ये आहे तोवर निदान ती दिसते तरी. काढली तर कुठे जाईल?

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. ईराची आई गेली. सोनालीने सुलटी वाटी टाकली, त्यावर सत्तर हार्ट.

दुपारी मुक्ता शाळेतून आली. मी पान वाढलं. तिने आमटीची वाटी तोंडाला लावून संपवली, ताटाशेजारी उपडी ठेवली आणि ओठ घट्ट मिटून बसली.

"काय गं? बाई ओरडल्या?"

मान हलवून नाही.

"पोट दुखतंय का? मुक्ता, बोल ना!"

ती नुसती वाटीकडे बघत होती. मी हसायचा प्रयत्न केला, हात पुढे केला आणि वाटी सुलटी केली.

मुक्ताने मोठ्ठा श्वास सोडला. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "आई, ईराची आई विचारतेय, तिला का काढलंस?"