शेंदराखाली वीतभर

मी तशी तोंडाळ बाई. सासरच्या गावात पाणी समितीची सचिव मला केलं तेही याच गुणावर. टँकरवाल्याशी भांडायला कुणीतरी हवंच होतं. पण त्या उन्हाळ्यात जिथे तोंड उघडायचं तिथे मी हात चालवला, आणि तोही चोरून.

आमची नदी पोलादपूरच्या डोंगरातून उतरते. वर माझं माहेर, खाली महाडच्या अंगाला सासर, मध्ये अर्ध्या तासाची वाट. माहेरच्या गावाशी नदीत एक कोंड आहे, म्हणजे खोल डोह, आणि त्याच्या तोंडाशी लाकडी फळ्यांचा बंधारा. कोंडात पाणी असलं की काठावरच्या विहिरीला पाणी, आणि ती एक विहीर हेच त्या गावाचं पिण्याचं पाणी. फळ्या उचलल्या की पाणी खाली येतं, आमच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाच्या विहिरीत, साठतं आणि आमच्या नळाला चढतं. पूर्वी दोघांना पुरून उरायचं. आता पाऊस चार महिन्यांचं काम चार दिवसांत उरकतो, महाडच्या बाजारात पाणी शिरतं, आणि होळीपर्यंत त्याच नदीत नुसते गोटे दिसतात.

वाटणीचा नियम जुना. कोंडात काठालगत देवीचा उभा दगड आहे, माथ्यापासून एका रेषेपर्यंत शेंदूर लावलेला. पाणी शेंदराला टेकलेलं असेल तर सोमवारी आणि शुक्रवारी दोन फळ्या उचलायच्या. पाणी शेंदराखाली गेलं की फळ्या बंद. वडिलांनंतर हे काम माझ्या धाकट्या भावाकडे आलं.

त्या चैत्रात पाणी शेंदराखाली वीतभर गेलं होतं. दोन आठवडे फळ्या बंद, आणि आमच्या नळातून नुसती हवा सुसू करायची. बायका सकाळीच माझ्या दारात रिकामे हंडे आपटायच्या. "सचिव ना गो तू? मग आण पानी. तुजाच भाव बसलाय वर." टँकर येतो येतो म्हणायचा आणि हायवेवरूनच कुठेतरी वळायचा. माझा पारा चढायचा, आणि तो सगळा भावावर. फोन मात्र केला नाही. मोठी बहीण मी, त्याच्यापुढे पदर पसरू?

चैत्रात देवीला नवा शेंदूर चढतो आणि तो मान माहेरवाशिणीचा. त्या वर्षी माझी पाळी होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी तेलात कालवलेला शेंदूर जुन्या शेंदरावर लावत होते. गुरव नारळ सोलत होता, बायका ओटीच्या गडबडीत होत्या. माझा हात जुन्या रेषेशी थांबला आणि मग खाली सरकला. वीतभर, थेट पाण्यापर्यंत. काठावर भाऊ उभा होता; त्याच्याकडे न बघता मी हात पाण्यात धुतला.

दुसऱ्या दिवशी माहेरच्या गावकीत विषय निघाला. एक म्हातारा म्हणाला, "उन्हानं त्याल पातळ झालं, वघळला शेंदूर." दुसरा म्हणाला, "देवीनंच खाली घेतला. सोडा आता पानी." खरवडायचं कुणाच्या मनातही आलं नाही; देवीच्या अंगाला नख कोण लावणार? सोमवारी भावानं फळ्या उचलल्या.

आमच्या नळाला पाणी आलं. हंडे आपटणाऱ्याच बायकांनी मला घरी नेऊन चहा पाजला. कोंडातल्या झऱ्यांनी पाणी जेमतेम नव्या रेषेला टेकायचं की फळ्या पुन्हा उचलायच्या; कोंड असा खालीच राहिला म्हणजे विहीरही खालीच, हे मला कळत होतं. माहेरच्या बातम्या यायच्या: विहिरीला गाळ लागला, बायका आत उतरून वाटीनं पाणी भरतात. आणि मला माझं केलेलं पुसता येत नव्हतं. शेंदूर लावता येतो, काढता येत नाही. सोमवार-शुक्रवार मला नको वाटायचे. फळ्या उचलणार नाहीत म्हणून नव्हे, उचलतील म्हणून.

मे महिन्यात एका शुक्रवारी दुपारी माझी भावजय आमच्या नळावर आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, पायांना फुफाटा. रांगेतली एक म्हणाली, "तुमी तर पान्याच्या उशाशी, नि हतं कशा?" ती नुसती हसली. तिचा हंडा मीच नळाखाली धरला. तो भरत आला तसं मला राहवेना.

"शेंदूर ओघळला नव्हता," मी हळूच म्हणाले. "मी लावला."

"ठावं हाय, वन्सं. पाच बोटं उठल्यात त्यात. यांनी त्याच दिशी वळखली."

"मग गावकीत बोलला का नाही तो? फळ्या का उचलल्या?"

तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "तुमची लाज राखायला. घरी येऊन बोलले, ताईनं तोंडानं मागितलं असतं तर एक फळी तरी उचलली असती, दोनी गावांचं भागलं असतं. आता देवीच्या नावानं मागितलंय, मला थांबवताबी येत नाय."

मी रडले, रांगेतल्या सगळ्यांदेखत. मग तो भरलेला हंडा माझ्या डोक्यावर घेतला आणि तिच्याबरोबर वरची वाट धरली. संध्याकाळी गावकी बसणार होती. ती बोटं कुणाची, हे तिथे मला तोंडानं सांगायचं होतं.