वंगण सर आणि पंधरावं नाव

वंगण सर कुठल्याही वर्गात शिरायच्या आधी दार दोनदा उघडून-मिटून बघायचे. ते करकरलं, की शर्टाच्या खिशातून बोटभर लांबीची तेलाची बाटली निघायची, बिजागरीवर दोन थेंब पडायचे, दार पुन्हा एकदा हलवलं जायचं आणि मगच "गुड मॉर्निंग" व्हायचं. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाखाली एक तेलकट डाग होता. काकूंनी साबणामागून साबण बदलले तरी तो डाग हटला नाही, हे सर अगदी अभिमानाने सांगत. एकदा वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीचं कल्याणला लग्न होतं. जेवायच्या वेळी सर कुठे दिसेनात म्हणून शोधायला गेलो, तर ते स्टेजवरच्या सजवलेल्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालत होते आणि नवरा-नवरी फोटो थांबवून बाजूला उभी होती. त्यांचं खरं नाव नोटीस बोर्डावर असायचं. आमच्या तोंडी ते कायम वंगण सरच.

आमचं कॉलेज कल्याण-डोंबिवलीच्या मधलं. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापासून आपापले विषय निवडायचे असतात. त्यांना सगळे इलेक्टिव्ह म्हणतात. कोणी यंत्रांच्या डिझाइनकडे वळतं, कोणी उष्णतेच्या विषयांकडे, कोणी कारखान्यातल्या उत्पादनाकडे, तर कोणी रोबोटकडे. मुलांना यात मार्गदर्शन करायचं काम वंगण सरांकडे होतं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. त्यासाठी सरांनी जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी चिकटवून भिंतभर एक नकाशा केला होता. त्यावर पेन्सिलीने चौकोन, चौकोनात विषय, आणि एका विषयातून दुसऱ्यात जाणारे बाण. हा विषय झाल्याशिवाय तो कळणार नाही, असा त्या बाणांचा अर्थ. कोणी विचारायला आलं, की सर त्याचं बोट धरून थेट आठव्या सेमिस्टरवर ठेवत आणि म्हणत, "आता इथून उलटं चालत ये."

आमची पद्धत याच्या बरोबर उलटी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी चर्चा व्हायची ती कोणाचं पेपर तपासणं सैल आहे याची. मग कुठला तास शुक्रवारी दुपारी येत नाही, ते बघायचं. विषयाचं नाव सगळ्यात शेवटी. तिसऱ्या वर्षात अनिकेतने असाच शोध लावला, की रोबोटिक्स घेतलं तर शुक्रवारी बाराला मोकळं होता येतं. झालं. एकवीस जणांनी दहा मिनिटांत फॉर्म भरले. पहिल्याच तासाला फळा समीकरणांनी भरला, आणि त्यातलं एकही आम्हाला ओळखीचं वाटेना. ज्या विषयात ती शिकवतात तो विषय आदल्या सेमिस्टरला घ्यायचा होता. तेव्हा त्याचा तास शुक्रवारी होता, म्हणून आम्ही तो टाळला होता. एकवीस जण रांगेने सरांकडे गेलो. सर ओरडले नाहीत. त्यांनी नकाशासमोर खुर्च्या मांडायला लावल्या आणि तो चुकलेला विषय रोज सकाळी आठ वाजता, महिनाभर, शुक्रवार धरून शिकवला.

'स्कोप' या शब्दाचं मात्र त्यांना वावडं होतं. "सर, यात स्कोप आहे का?" असं कोणी विचारलं, की ते चष्मा काढून पुसायला घेत. मग त्यांचा तो प्रश्न यायचा. "तू पस्तीस वर्षांचा आहेस. मंगळवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. कुठे उभा आहेस आणि हातात काय आहे?"

अनिकेत म्हणाला, "सर, मी उभा नसेन. एसीत बसलेलो असेन."

"बस बाबा. समोर काय आहे?"

"लॅपटॉप."

"लॅपटॉपवर काय चाललंय?"

अनिकेतने बराच विचार केला. "सर, एक्सेल असेल बहुतेक."

"मग चार वर्षं इथे हात काळे कशाला करतोस रे?" सर म्हणाले. अनिकेत आज बसतो एसीतच, एक्सेल उघडूनच, आणि मजेत आहे. पण तो प्रश्न अजून मंगळवारी मध्येच आठवतो आणि जेवण नीट जिरत नाही, असं तो म्हणतो.

पालकही यायचे. विठ्ठलवाडीहून एकदा रोहितची आई आली, हातात मार्कशीटची प्लॅस्टिकची फाइल घेऊन. रोहित शेजारी मान खाली घालून. सरांनी प्रश्न रोहितला विचारला, उत्तर आईने दिलं. "तो कुठंही उभा राहील ओ सर, फक्त कंपनी चांगली पायजे."

"बरं, ते राहू द्या," सर म्हणाले. "काल दुपारी तीन वाजता तुम्ही काय करत होता?"

"मी? मशीनवर होते. ब्लाउज शिवते मी. सारखा दोरा तुटत होता."

"आई, त्याचं शटल घासलंय," रोहित पहिल्यांदाच बोलला. "मी सांगितलेलं ना तुला. दोरा तिथेच कापला जातो."

सरांचे डोळे चमकले. पुढचा अर्धा तास ते आणि रोहित त्या शिलाई मशीनबद्दल बोलत बसले. आई फाइल मांडीवर ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. निघताना सरांनी रोहितचं बोट नकाशावर यंत्रांच्या डिझाइनवर ठेवलं आणि आईला म्हणाले, "मुलगा तुमच्याच मशीनवर शिकलाय. काळजी करू नका."

माझ्या बाबांचं डोंबिवली पूर्वेला एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे मी काहीही करीन, पण एसीच्या वाटेला जाणार नाही, हे माझं बारावीपासून ठरलेलं होतं. सरांपुढे मी घडाघडा सांगितलं, डिझाइन ऑफिस, काचेची केबिन वगैरे.

"हातात काय आहे?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

"पस्तिसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी उभी राहणार?"

ते पुढे काही बोलेनात. गप्प बसलेल्या माणसासमोर माझं नेहमी जे होतं तेच झालं, मी नको ते बोलून गेले. मे महिन्यात बाबांबरोबर मी इमारतींच्या गच्चीवर जाते, आणि ओळीने लावलेल्या एसींच्या आवाजावरून कुठला कॉम्प्रेसर आता मान टाकणार ते मला कळतं, बाबांच्याही आधी कळतं, असं मी सांगून टाकलं. सर हसतील असं वाटलं होतं. ते उठले, माझं बोट धरलं आणि थेट आठव्या सेमिस्टरमधल्या मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनावर ठेवलं. तिथून उलटं चालत आलं की सातव्यात एअर कंडिशनिंग, सहाव्यात रेफ्रिजरेशन. मी आठ दिवस सरांवर धुसफुसत होते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं शिकून परत गच्चीवरच का गं?"

आता सरांच्या स्वतःच्या विषयाकडे येते. घर्षण, झीज आणि वंगण यांचं शास्त्र. दुसऱ्या वर्षी त्यांना त्यासाठी जेमतेम दोन तास मिळायचे. त्या दोन तासांत ते झिजलेलं एक बेअरिंग वर्गात हातोहात फिरवायचे आणि म्हणायचे, "चरे नीट बघा. हे यंत्र कसं वागवलं गेलं, ते सगळं इथे दिसतं. माणसं खोटं बोलतील, झीज बोलत नाही." सातव्या सेमिस्टरला तो पूर्ण विषय म्हणून घेता यायचा. पण नकाशावर सरांनी तो अगदी खालच्या कोपऱ्यात, सगळ्यात बारीक अक्षरात लिहिला होता. सल्ला देणाऱ्याने आपलाच माल पुढे करू नये, असं त्यांचं म्हणणं. परिणाम व्हायचा तोच झाला. विषय चालवायला किमान पंधरा मुलं लागत, आणि लागोपाठ दोन वर्षं ती जमली नव्हती. तिसऱ्या वर्षीही जमली नाहीत तर तो अभ्यासक्रमातून कायमचा जाणार होता. निवृत्तीला सरांची चार वर्षं उरली होती. हे आम्हाला ऑफिसमधल्या मॅडमकडून कळलं; सर एक अक्षर बोलले नव्हते.

मग ग्रुप पेटला. "वंगण सरांसाठी एवढं तर करूच यार," असं अनिकेतने लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत बावीस नावं झाली. पेपर तपासणं, शुक्रवार, काही काही आड आलं नाही. आमच्या वर्गाने चार वर्षांत एवढं एकच काम एकमताने केलं असेल. यादी छापून सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान. उद्या दुपारी एकेकाने आत या."

आम्हाला वाटलं, आभार मानणार असतील.

पहिला अनिकेत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. "माझं नाव खोडलं यार. म्हणे, तुझ्या नोकरीला डेटाचा विषय लागेल, तो घे." मग दोघी गेल्या, दोघींचीही नावं खोडली. आम्ही बाहेर बोटांवर मोजत बसलो. बावीसचे एकोणीस झाले, एकोणिसाचे सतरा. रोहित आत गेला तेव्हा आम्ही श्वास रोखून बसलो. तो हसत बाहेर आला. शिलाई मशीनने तारलं होतं. पुन्हा दोन नावं उडाली. सगळ्यात शेवटी मी उरले, तेव्हा यादीत माझ्यासकट बरोबर पंधरा नावं होती.

"ए, तू फक्त हो हो म्हण," अनिकेतने दारात बजावलं. "जास्त बोलू नको."

सरांनी मला बसायला सांगितलं. "हा विषय आणि एअर कंडिशनिंग एकाच तासाला आहेत. माहीत आहे ना?"

"हो सर."

"एअर कंडिशनिंग सोडलंस तर आठव्यातला विषय मिळणार नाही. तो बाण तुटतो."

"चालेल सर. मला घर्षण आवडतं."

"तुला मी आवडतो," सर म्हणाले. "तो काही विषय नाही."

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. सरांनी लाल पेनाने माझं नाव खोडलं, अगदी सरळ रेघ मारून. मग सावकाश पेनाला टोपण लावलं आणि यादी पालथी ठेवली. थोड्या वेळाने मी उठले आणि "थँक यू सर" म्हणून बाहेर आले. बाहेर अनिकेतने मोजलेलं एक बोट मिटलं. माझ्या चेहऱ्यावरच दिसत असावं.

त्याच संध्याकाळी सर चौदा नावांची यादी घेऊन विभागप्रमुखांकडे स्वतः गेले. विषय बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चौदाही जणांना पुन्हा बोलावलं आणि प्रत्येकाला दुसरा विषय शोधून दिला. उरलेली चार वर्षं ते पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवत होते. तिथली दारं तेवढी कधी करकरली नाहीत, असं नंतरची मुलं सांगतात.

मी आता ठाण्यातल्या एका कंपनीत हॉस्पिटलांच्या वातानुकूलनाची कामं बघते. ऑपरेशन थिएटरमध्ये हवा कुठून यावी, किती यावी, कुठून जावी, हे ठरवते. काम मनापासून आवडतं. सरांनी माझं बरोबर ओळखलं होतं, आणि त्यापायी त्यांचा विषय गेला. हे दोन्ही एकदम आठवलं की मला त्यांचा राग येतो, आणि लगेच त्यांना भेटावंसं वाटतं.

गेल्या दिवाळीत गेले होते डोंबिवलीला त्यांच्या घरी. काकूंनी चकल्या पुढे ठेवल्या. सरांनी थिएटरबद्दल खोदून खोदून विचारलं, पंख्यांच्या बेअरिंगबद्दल जरा जास्तच. मग काकू चहा टाकायला आत गेल्या तशी सर जरा पुढे सरकून बसले.

"एक सांगू? त्या दिवशी तू आणखी एकदा मागितलं असतंस ना, तर मी तुझं नाव ठेवलं असतं."

मी हातातली चकली परत ताटलीत ठेवली.

"नकाशा, बाण, सगळं गुंडाळून ठेवलं असतं," सर म्हणाले. "माझा जीव होता गं त्या विषयात. नाव खोडून झाल्यावर मी चांगला मिनिटभर थांबलो, ही पोरगी काही म्हणते का बघत. तू थँक यू म्हणालीस."

ते मिनिट मला लख्ख आठवत होतं. "प्लीज सर, घ्या ना," हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण वंगण सर चुकत नाहीत, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती, म्हणून मी ते गिळले होते. आता तरी हे सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकू चहा घेऊन बाहेर आल्या, सर मागे टेकून बसले, आणि मी पुन्हा गप्प राहिले.